अनुभव धागा : फॉर्म्युला वनमध्ये स्टुअर्ड्सची (शर्यतीच्या पंचांची) कुठली पेनल्टी अजून घशाखाली उतरत नाही?

घोडबंदर_गिअरबॉक्स
कॅनडाच्या शर्यतीचा विषय निघाला की आपल्या ठाण्याच्या ग्रुपवर कोणीतरी तो फोटो टाकतंच. फेरारीचा व्हेटेल जिंकलेल्या हॅमिल्टनच्या गाडीपुढचा १ नंबरचा फलक उचलून आपल्या गाडीच्या रिकाम्या जागेपुढे ठेवतोय आणि २ नंबरचा हॅमिल्टनपुढे. काल परत आला, परत जुंपली. म्हटलं धागाच काढू.

माझी तीच. मॉन्ट्रियल २०१९, ७० पैकी ४८वा लॅप. वळण ३ ला मागची चाकं सुटली, गवतावरून गाडी वळण ४ ला परत आली, हॅमिल्टनला भिंत आणि फेरारीच्या मधे ब्रेक दाबावा लागला. असुरक्षित पुनःप्रवेश, ५ सेकंद. रेषेवर व्हेटेल १.३४२ ने पुढे, निकालात ३.६५८ ने मागे. ऑनबोर्ड (गाडीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण) बघताना गाडी बघू नका, हात बघा. पहिला झटका तो उलट स्टिअरिंग देऊन सावरतो, त्यावर कोणाचंच दुमत नाही. भांडण त्यापुढच्या क्षणाचं आहे. गाडी ताब्यात आली होती तर उजवीकडे का वाहू दिली? मळलेल्या टायरवर दुसरं काही करता येत नव्हतं असं माझं मत, आणि ते बदलणार नाही.

तुमची टाका. नुसतं 'अन्याय झाला' नको. लॅप, नियम, सेकंद लिहा.

ऐरोली_अंडरकट
झालं सुरू. टिफोसींचा (फेरारीच्या चाहत्यांचा) गणपती बसला 😄

वाशीची_वहिनी
गवत, टायर सगळं मान्य. माझा राग वेगळा आहे. ५ सेकंद सगळ्यांना सारखे लागत नाहीत.
सिल्व्हरस्टोन २०२१. कॉप्सच्या वळणाला धक्का, व्हर्स्टॅपन ५१ जीने (गुरुत्वाच्या ५१ पट झटक्याने) भिंतीत. हॅमिल्टनला १० सेकंद. ते त्याने पिटमध्ये (टायर बदलायच्या थांब्यावर) भरले, ५०व्या लॅपला लक्लेर्कला त्याच कॉप्सवर मागे टाकलं आणि जिंकला.
मेलबर्न २०२३. रीस्टार्टला साइन्झ अलोन्सोला लागला, ५ सेकंद. पण शर्यत सेफ्टी कारच्या (वेग कमी ठेवायला पुढे धावणाऱ्या गाडीच्या) मागे संपली, म्हणजे सगळ्या गाड्या एकमेकींच्या शेपटीला. चौथ्यावरून थेट बारावा, आणि बारावा म्हणजे शेवटचा. शिक्षा निम्मी, नुकसान कितीतरी पट.
परिणाम बघायचा नाही, चूक बघायची, हे स्टुअर्ड्सचं तत्त्व. कागदावर छान दिसतं. पण पुढे किती लॅप उरलेत आणि मागची गाडी किती लांब आहे हे बघितलं नाही तर सेकंदाला अर्थ काय उरतो?
कुकरची शिट्टी, आले.

कळवा_लूप_लाईन
वहिनी बरोबर. त्यात साइन्झला सुनावणीला न बोलावता शर्यत सुरू असतानाच निर्णय दिला. फेरारीने फेरविचार मागितला तोही फेटाळला.

सीवूड्स_सॉफ्ट
फेरविचार कसा असतो कोणी सांगेल का? नेहमी फेटाळतातच ना?

खारघर_कलम१४
नेहमी नाही. दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर टीमने आणलेली गोष्ट चार कसोट्यांवर बघतात : महत्त्वाची, संबंधित, नवी, आणि निर्णयाच्या वेळी हातात नसलेली. चारही पास झाल्या तरच मूळ प्रकरण उघडतं. पायरी दोनपर्यंत फार कमी जण पोचतात.
नापास : मॉन्ट्रियलनंतर फेरारीने करुण चंढोकचं टीव्हीवरचं विश्लेषणही पुरावा म्हणून दिलं होतं. नवं असेल, महत्त्वाचं नाही, असं उत्तर मिळालं. ऑस्टिन २०२४ ला नॉरिसला ट्रॅकबाहेरून व्हर्स्टॅपनला ओलांडल्याची पेनल्टी बसली, तेव्हा मॅक्लारेन म्हणाली की निर्णयाच्या कागदातच चूक आहे, नॉरिस आधीच पुढे होता, म्हणून तो कागद हाच नवा पुरावा. तेही चाललं नाही.
पास : जेद्दा २०२३ अलोन्सो. झँडव्हूर्ट २०२५ साइन्झ-लॉसन टक्कर. झँडव्हूर्टला सुनावणीच्या वेळी न मिळालेलं कॅमेऱ्याचं फुटेज आणलं, साइन्झचे लायसन्सवरचे २ पेनल्टी पॉइंट काढले. पण १० सेकंद शर्यतीतच भोगून झाले होते, ते कोण परत देणार?

ऐरोली_अंडरकट
वरातीमागून घोडं

मानपाडा_मार्शल
जेद्दाचं नीट लिहितो, कारण चुकतं कुठे ते तिथे कळतं. अलोन्सो ग्रिडच्या (सुरुवातीला गाडी उभी करायच्या) चौकोनात फार डावीकडे उभा होता, म्हणून ५ सेकंद. ते भरायची रीत अशी : गाडी थांबली की वेळ सुरू. वेळ पूर्ण होईपर्यंत गाडीवर काम करायचं नाही. मागच्या जॅकवाल्याने जॅक गाडीला टेकवून ठेवला, उचलली नाही. शर्यत संपली, पोडियम झालं, आणि मग १० सेकंद. तिसरा रसेल. काही तासांनी टीमने आधीची उदाहरणं व्हिडिओवर दाखवली, जिथे जॅक टेकला होता आणि कोणी बोललं नव्हतं. मग अलोन्सो परत तिसरा.
'काम' म्हणजे काय यावर एकमत नव्हतं, घोळ तिथे. त्यानंतर स्पष्टीकरण आलं : हात, अवजार, पुढचा-मागचा जॅक काहीही लागलं तरी ते काम. थंड करायचे पंखे चालतील, फक्त गाडीला टेकता कामा नयेत. आता पेनल्टीच्या स्टॉपला बघा, जॅकवाला मुद्दाम वीतभर मागे उभा असतो.

कोपरी_पूल_हेअरपिन
वा! मी इतकी वर्षं त्या पंखेवाल्यांना हवा घालणारे समजत होतो

मानपाडा_मार्शल
हवाच घालतात की 😂

नौपाडा_काका
तुम्ही पोरं २०२३ चं काय घेऊन बसलात. सिल्व्हरस्टोन १९९८. शूमाकरने सेफ्टी कारखाली वुर्झला ओलांडलं. पेनल्टी कळवायची मुदत २५ मिनिटं, कागद आला ३१ मिनिटांनी. हाताने लिहिलेला, स्टॉप-गो (पिटमध्ये थांबून निघायचं) की वेळ वाढवायची तेही धड कळेना. फेरारीने काय केलं? शेवटच्या लॅपला पिटमध्ये बोलावलं. शेवटची रेषा पिटलेनमधूनही जाते. गडी पिटलेनमध्येच जिंकला. पुढे पेनल्टी रद्द आणि तिन्ही स्टुअर्ड्सनी लायसन्स परत केली.

सीवूड्स_सॉफ्ट
काका हे खरं आहे?? 😳

नौपाडा_काका
बघून घे. मी निघालो, मामलेदारला रांग वाढायच्या आत.

कळवा_लूप_लाईन
काका आमचंही पार्सल, मध्यम तिखट

घणसोली_ग्रॅव्हल
ट्रॅक लिमिट्सवर कोणीच बोललं नाही. चारही चाकं पांढऱ्या रेषेबाहेर गेली की मोजणी सुरू. रेषा ट्रॅकमध्ये धरतात, कर्ब (कडेचा रंगीत उंचवटा) नाही. तिसऱ्यांदा काळा-पांढरा झेंडा (ताकीद), चौथ्यांदा ५ सेकंद, मग १०. ऑस्ट्रिया २०२३ ला १,२०० च्या वर संशयित घटना निघाल्या. शर्यत चालू असताना तपासून संपेनात. ॲस्टन मार्टिनने हरकत घेतल्यावर राहिलेल्या तपासल्या आणि संध्याकाळी आठ जणांना पेनल्टी. निकाल बघून झोपलेल्यांना सकाळी वेगळाच निकाल. ९ आणि १० ही वळणं वेगाची, ड्रायव्हरला बसल्या जागेवरून रेषा दिसत नाही. त्यात बाहेर सपाट डांबर, म्हणजे रुंद गेलं तर वेळ उलट वाचतो. पुढच्या वर्षी तिथे खडीची पट्टी टाकली, प्रश्न जवळजवळ मिटला. स्टुअर्ड वाढवून जे झालं नाही ते खडीने केलं.

वाशीची_वहिनी
खडीला मत माझं. खडीपुढे अपील नाही.

सीवूड्स_सॉफ्ट
मग ऑस्टिनला नॉरिसला ५ च का? तेव्हा ट्रॅकबाहेरून ओलांडलं तर १० ना?

खारघर_कलम१४
हो, शिफारस १० ची. कारणात लिहिलंय की वळणाच्या बाहेरच्या बाजूने ओलांडायला एकदा घुसल्यावर त्याच्याकडे ट्रॅक सोडण्यावाचून फारसा मार्ग नव्हता, म्हणून ५. आणि बाहेरून ओलांडणाऱ्याचा नियम कडक आहे. २०२५ च्या मार्गदर्शिकेत आतून जाणाऱ्याचा पुढचा ॲक्सल एपेक्सला (वळणाच्या सगळ्यात आतल्या बिंदूला) समोरच्याच्या आरशापर्यंत आला तरी पुरतो, बाहेरून जाणाऱ्याला समोरच्याच्या पुढच्या ॲक्सलच्या पुढे असावं लागतं. म्हणून आतल्याने ब्रेक उशिरा दाबून आधी एपेक्स गाठला की जागा त्याची. व्हर्स्टॅपनने हेच शस्त्र केलं. ऑस्टिननंतर पुढच्याच आठवड्यात मेक्सिकोत त्याला दोनदा १०-१० बसले, तेव्हा कुठे थोडं समाधान.

तळोजा_टर्बो
आणि हास टीमने जेद्दा २०२४ ला केलं ते? त्यांच्या मॅग्नुसनला १०-१० अशा दोन बसल्या. त्याचं काही जाणारच नव्हतं, म्हणून तो मागच्यांना अडवत राहिला. त्याचा जोडीदार ह्युल्केनबर्गला पिटला जाऊन यायला अंतर मिळालं आणि दहाव्या जागेचा १ गुण. वेळेची पेनल्टी हरलेल्या माणसाला लागतच नाही, ही भोकं त्यातलीच. ड्राइव्ह-थ्रू (न थांबता पिटलेनमधून हळू जायची शिक्षा) दिली असती तर तिथल्या तिथे मागे गेला असता. शेवटी मोंझाला मॅग्नुसनचे पेनल्टी पॉइंट १२ झाले आणि बाकूला घरी बसला, तोही गॅस्लीच्या ज्या धक्क्यावरून बसला त्यावर गॅस्लीची स्वतःची तक्रार नव्हती.

कोपरी_पूल_हेअरपिन
पाम बीच रोडला रात्री सायलेन्सर कापून फिरणाऱ्यांना द्या हे १२ पॉइंट

ऐरोली_अंडरकट
+१. काल एकाने सिग्नलवर काळा-पांढरा झेंडा कमावला असता.

नौपाडा_काका
आपल्या इथलं विसरलात. बुद्ध सर्किट, २०११ : मासा-हॅमिल्टन टक्कर, मासाला ड्राइव्ह-थ्रू, आणि नंतर कर्बवर त्याचं सस्पेन्शन मोडलं. २०१३ : व्हेटेल जिंकून गाडी गोल गोल फिरवली, लोक जाळीला लटकले. पार्क फर्मेत (शर्यतीनंतर गाड्या लावायच्या बंद जागेत) सरळ न आल्याबद्दल त्याला ताकीद आणि टीमला २५,००० युरो दंड. आणि सेपांग २०१२ ला आपला नारायण कार्तिकेयन, व्हेटेलच्या टायरला लागल्याबद्दल शर्यतीनंतर २० सेकंद. एकविसाव्याचा बाविसावा.

मानपाडा_मार्शल
एकविसाव्याचा बाविसावा 😭 चोर सोडून संन्याशाला फाशी

घोडबंदर_गिअरबॉक्स
काका मिसळ घेऊन परत?

नौपाडा_काका
रांगेतून लिहितोय

सीवूड्स_सॉफ्ट
निर्णयाचे कागद वाचायचे कसे कोणी सांगा, मला त्यातलं इंग्रजी झेपत नाही

खारघर_कलम१४
चारच गोष्टी. वरती गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव आणि वेळ. खालच्या मजकुरात बहुतेक नुसता गाडीचा नंबर, तेव्हा नंबर पाठ हवेत. मग घटना, कलम, निर्णय. सगळ्यात खाली कारण, ते आधी वाच. सिल्व्हरस्टोन २०२५ चा पियास्त्रीचा काढ. सेफ्टी कारमागे २१८ वरून ५२ किमी वेगावर आला, ब्रेकचा दाब ५९.२ पीएसआय, सगळं त्यात आहे. टीव्हीवर नुसतं 'अचानक ब्रेक' ऐकून भांडण्यापेक्षा बरं.

तळोजा_टर्बो
पण मागच्या रीस्टार्टला पुढच्याने किती दाबला होता तो आकडा दे म्हणावं

वाशीची_वहिनी
हे बघा, आता पियास्त्रीवर रात्र जाणार. उद्या सहा वीसची पनवेल-ठाणे आहे मला. टर्बो, तू लिहून ठेव, गाडीत वाचते.