अनुभव धागा : तुमच्या मशीनचा बूट मेनू तुम्ही कसा लावून घेतलात?

विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर ठेवणारे इथे भरपूर आहेत. पण मशीन चालू केल्यावर कुठली सिस्टीम उघडायची ते विचारणारा ग्रब या प्रोग्रामचा काळा मेनू बहुतेक जण आला तसाच ठेवतात. मला मनापासून वाटतं की तो मशीनवर बसणाऱ्या माणसाला बघून लावावा. तुम्ही कुणासाठी काय बदललंत ते सविस्तर लिहा, म्हणजे बाकीच्यांना करून बघता येईल.

माझ्यापासून सुरू करते. बाबांना फक्त विंडोजवरचं टॅली लागतं, मला उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार). मेनूत विंडोजची ओळ खाली आणि तिला डिस्कचं लांबलचक शेपूट, त्यामुळे मशीन लावताना बाबा रोज मला हाक मारायचे. मग मी मेनूच्या ओळी बनवणाऱ्या स्क्रिप्ट असतात त्या ग्रब.डी फोल्डरातली ४०_कस्टम फाइल कॉपी करून तिला ०९_टॅली नाव दिलं. तिथल्या स्क्रिप्ट आकड्याच्या क्रमाने चालतात ना, लिनक्सवाली १० आणि विंडोज शोधणारी ३०, म्हणून ०९ सगळ्यात वर येते. आत विंडोजच्या बूट फाइलकडे नेणारी चेनलोडरची ओळ टाकली, नाव नुसतं 'टॅली', आणि मेनू नव्याने बनवणारी अपडेट-ग्रब कमांड चालवली. आता काही न दाबता १० सेकंद थांबलं की टॅलीचं विंडोज सुरू होतं, बाबा आपले आपण बसतात.

लॅबवाला
आमच्या शाळेच्या लॅबमध्ये वीज कधी जाईल सांगता येत नाही. उबुंटू सुरू होता होता लाइट गेली की पुढच्या वेळी ग्रबला वाटतं मागचं बूट फसलं, आणि मेनू ३० सेकंद थांबून राहतो, आपण टाइमआउट, म्हणजे थांबायचे सेकंद, ५ दिलेला असला तरी. त्याची सेटिंग वेगळी आहे, ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट. इटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलमध्ये ती ओळ घालून मी तिथेही ५ केलं. दुसरं म्हणजे पासवर्ड. मेनूवर ई दाबून कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) ओळ बदलली की कुणालाही रूटचा शेल, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा मिळतो, आणि आठवीची पोरं हे लगेच शोधून काढतात! त्यामुळे सुपरयुजर ठरवून पासवर्ड लावला. पण नुसतं तेवढंच केलं तर साधं बूट करायलाही पासवर्ड मागतो, म्हणून नेहमीच्या ओळींना 'अनरिस्ट्रिक्टेड' लावायचं. बूट सगळ्यांना मोकळं, फेरफार फक्त माझ्याकडे.

जुना खेळाडू
ग्रबच्या आधी लिलो होतं. त्यात एक ओळ बदलली तरी लिलो कमांड परत चालवावी लागायची, कारण ते कर्नल डिस्कवर नेमकं कुठं आहे ते आधीच लिहून ठेवायचं. विंडोज एक्सपीच्या बाजूला मेनूची फाइल बूट.आयएनआय, त्यात टाइमआउट ३०. तो ५ केला की ऑफिसात लोक खूश.

सोलापूरकर
ज्यांना विंडोज मेनूत दिसतच नाही त्यांच्यासाठी. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारं ओएस-प्रोबर मुळातच बंद असतं, सुरक्षेसाठी. ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर ला फॉल्स करा, अपडेट-ग्रब करा, दिसेल.

दादा
माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. स्क्रीनवरचं वाचून दाखवायला विंडोजमध्ये एनव्हीडीए बोलतं, लिनक्समध्ये ओर्का बोलतं, पण ग्रबमध्ये काहीच बोलत नाही, आणि नेमकं तिथंच त्याला कुणाची तरी वाट बघत बसावं लागायचं. ग्रब_इनिट_ट्यून नावाची सेटिंग आहे, त्याच ग्रब फाइलमध्ये ती आधीपासून असते, फक्त ओळीच्या सुरुवातीचं हॅश (#) चिन्ह काढायचं. किंमत '४८० ४४० १'. पहिला आकडा वेगाचा, दुसरा सुराचा, ४४० हर्ट्झ, तिसरा किती वेळ वाजायचं त्याचा. मेनू येताना मदरबोर्डच्या छोट्या स्पीकरवर एक बीप होतो (बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा स्पीकर नसतो, आमचा डेस्कटॉप आहे). मग ओळी मोजायची कटकट नको म्हणून होम आणि एंड या कळा वापरायच्या, होमने पहिली ओळ, एंडने शेवटची. अडचण एवढीच की शेवटी मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये नेणारी 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज' ही ओळ बसलेली असते. त्या स्क्रिप्टची चालवायची परवानगी काढली, परत अपडेट-ग्रब, आणि विंडोज शेवटी आलं. आता बीप ऐकला की एंटर म्हणजे लिनक्स, एंड-एंटर म्हणजे विंडोज. रात्री दोन वाजतासुद्धा तो एकटा मशीन लावतो आणि मला फार फार बरं वाटतं.

म्युनिकहून
फोरके स्क्रीनवर ग्रबची अक्षरं मुंगीएवढी दिसतात. ग्रब-एमकेफॉन्ट ने हवा तो फॉन्ट ३६ साइझमध्ये पीएफ२ (ग्रबला चालणारी फॉन्ट फाइल) करून घ्या आणि ग्रब_फॉन्ट मध्ये त्याचा पत्ता द्या. थीम वगैरेची गरज पडत नाही.

धागाकर्ती
दादा, हे एंड-एंटर मला माहीतच नव्हतं, मामांच्या मशीनवर करते. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून स्क्रीनचा त्रास होतो. ओळ सेव्ह करून ठेवणाऱ्या सेटिंगबद्दल कुणी लिहिलं नाही अजून?

नाशिक-दुबई
लिहितो. ग्रब_डिफॉल्ट ला 'सेव्ह्ड' द्या. सोबत ग्रब_सेव्हडिफॉल्ट 'ट्रू' केलं तर मागच्या वेळी जे निवडलं तेच पुढच्या वेळी उघडतं. मी दुसरं लावत नाही, कारण मला घरचं मशीन इथून एसएसएचने (नेटवरून कमांड द्यायची सोय) चालवायचं असतं. नाशिकला विंडोज हवं असलं की ग्रब-रिबूट पुढे त्या ओळीचं नाव देतो आणि रिबूट मारतो, फक्त तेवढ्या एका खेपेला विंडोज येतं. आईचं काम झालं, तिनं रिस्टार्ट केलं, की आपोआप परत लिनक्स. नाव अवतरणचिन्हात आणि मेनूत आहे तसंच्या तसं द्या, एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी घेत नाही.