सोसायटी ग्रुप : कसब्याचा 'गड' आणि नानांचं गणित

बी-104 (दादा) : *फॉरवर्डेड* 'पुण्याचा कसबा पेठ मतदारसंघ – 1978 पासून भाजपचा अभेद्य गड! एकदाच चूक झाली, 2023 ला. शेअर करा 🚩'

ए-302 (नाना) : भाजपची स्थापनाच 1980 ची. पहिल्या ओळीतच फॉरवर्ड आडवा.

सेक्रेटरी : कृपया राजकीय पोस्ट नकोत. उद्या टाकी धुवायची आहे, 10 ते 1 पाणी बंद.

बी-104 (दादा) : नाना, दोन वर्षांचा फरक. बाकी गड तर खराच ना?

ए-302 (नाना) : 1980 ला अरविंद लेले आले, भाजपचे. 1985 ला उल्हास काळोखे, काँग्रेसचे. 1990 ला अण्णा जोशी, परत भाजप. 1991 ला अण्णा लोकसभेला गेले, विठ्ठलराव गाडगीळांना पाडून. मग इथे पोटनिवडणूक. भाजपने कोणाला उभं केलं असेल?

सी-201 (वहिनी) : गिरीश बापट?

ए-302 (नाना) : बापटच. आणि पडले! काँग्रेसचे वसंत थोरात आले. हे आता कोणी काढत नाही, कारण पुढे 1995 पासून 2014 पर्यंत बापट सलग पाच वेळा निवडून आले. म्हणजे 2023 ही 'एकदाच' नव्हे. गेल्या पस्तीसेक वर्षांत इथे दोन पोटनिवडणुका झाल्या, दोन्ही भाजप हरला, आणि दोन्हींनंतरच्या सार्वत्रिक निवडणुकीत जागा परत घेतली.

बी-104 (दादा) : पाच वेळा सलग म्हणजे गड नाही तर काय? 😄

ए-302 (नाना) : बापटांचा होता म्हण. लग्न, मुंज, मयत, मंडळाची आरती, माणूस सगळीकडे हजर. पण 2009 बघ. मनसेचे धंगेकर दुसरे, काँग्रेसचे रोहित टिळक त्यांच्या पाठीला पाठ लावून तिसरे. बापट जेमतेम 8 हजारांनी वाचले. विरोधातल्या त्या दोघांची बेरीज 90 हजारांच्या पुढे, बापटांची मतं 55 हजारांच्या आसपास.

डी-403 (सूनबाई) : नाना, 2014 ला तर 40 हजारांच्या वर लीड होतं. तेव्हा कुठे गेली बेरीज?

ए-302 (नाना) : रास्त प्रश्न. त्या वर्षी युतीही मोडली होती, आघाडीही. जो तो स्वतंत्र. आणि वर मोदी लाट.

सी-201 (वहिनी) : 2023 ला मात्र भाजपची चूकच झाली. बापटांनंतरच्या आमदार मुक्ताताई टिळक आजारी असताना अँब्युलन्समधून मुंबईला राज्यसभेच्या मतदानाला गेल्या होत्या. त्या वारल्या, पोटनिवडणूक लागली, पण टिळकांच्या घरात तिकीट नाही दिलं. लोकांना लागलं ते.

ए-101 (काका) : बॅनर आठवतो? 'कुलकर्णींचा मतदारसंघ गेला, टिळकांचा गेला, आता नंबर बापटांचा का?' कुलकर्णी म्हणजे कोथरूडच्या मेधाताई. ब्राह्मण उमेदवार डावलले म्हणून राग. पुण्यात राग बॅनरवरच काढतात.

ए-302 (नाना) : रागाचं प्रकरण मला जरा फुगवलेलं वाटतं. त्याच रागावर हिंदू महासंघाचे आनंद दवे उभे राहिले, त्यांना किती मतं? तीनेकशे. खरी गोष्ट अशी की मविआचा एकच उमेदवार, तोवर काँग्रेसमध्ये आलेले धंगेकर, मनसेचा कोणीच नाही, थेट लढत. शिवाय धंगेकर रात्री-अपरात्री दुचाकीवरून फिरणारा माणूस. भाजपच्या चंद्रकांतदादा पाटलांनी 'हू इज धंगेकर' विचारून वर फुकट प्रसिद्धी दिली. आणि बापट? नाकात ऑक्सिजनची नळी, व्हीलचेअरवर प्रचाराला आणले. निकाल 2 मार्चला, महिनाही झाला नाही तोच ते गेले.

ए-101 (काका) : 🙏 ते बघवत नव्हतं.

डी-403 (सूनबाई) : पण मग 2023 ला हरलेले भाजपचे हेमंत रासने 2024 ला कसे आले? लोक दीड वर्षात बदलले?

ए-302 (नाना) : हाच तर मुद्दा! धंगेकरांना 2023 ला 73 हजार, 2024 ला 70 हजारांच्या वर. फारसे कुठे हलले नाहीत. रासने 62 हजारांवरून 90 हजारांवर. पोटनिवडणुकीला मतदान 50 टक्क्यांच्या आसपास होतं. सदाशिव-नारायण-शनिवारातली मंडळी तेव्हा घरात बसली, विधानसभेला बाहेर पडली. इकडचं मत तिकडे गेलं नाही, झोपलेलं मत जागं झालं.

बी-104 (दादा) : 'बटेंगे', लाडकी बहीण वगैरे पण होतं ना.

ए-302 (नाना) : होतंच. त्यानेच जागं झालं असेल.

सी-201 (वहिनी) : आणि धंगेकर आता शिंदेंच्या शिवसेनेत. म्हणजे महायुतीतच 🤦‍♀️

ए-101 (काका) : सेना, मनसे, काँग्रेस, परत सेना. एक प्रदक्षिणा पूर्ण.

सेक्रेटरी : मंडळी, पुरे. टाकी.

ए-101 (काका) : सेक्रेटरीसाहेब, पोटनिवडणुकीने आपला फायदा झाला हे विसरू नका. मिळकतकराची 40 टक्के सवलत प्रचारात गाजली आणि निकालानंतर थोड्याच दिवसांत ती परत द्यायचं ठरलं. आधी ओरडून घसा बसला होता.

सेक्रेटरी : त्या सवलतीचा पीटी-3 फॉर्म किती जणांनी वेळेत भरला होता ते मी सांगू का ग्रुपवर?

सी-201 (वहिनी) : 🙈

बी-104 (दादा) : नाना, तुमचं मत कोणाला होतं?

ए-302 (नाना) : गुप्त मतदान असतं. आणि तुझं नाव अजून कोथरूडच्या यादीत आहे, तू कसब्यावर फॉरवर्ड कसले पाठवतोस?

डी-403 (सूनबाई) : माझंही माहेरच्याच पत्त्यावर आहे. पत्ता बदलायला फॉर्म 8 भरायचा ना? ऑनलाइन होतो?

ए-302 (नाना) : होतो. संध्याकाळी वर ये, लाइट बिल घेऊन ये. दाद्या, तूही.