सेक_पुट्स आता इनलाइन का आहे? लिनक्स कर्नलमध्ये या बारीक ऑप्टिमायझेशनने काय साधतं?

प्रश्न:
माझ्या ड्रायव्हरची स्थिती प्रोकमधल्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या) एका फाइलीतून दाखवतोय. चेकपॅच (कर्नलचा कोड तपासणारी स्क्रिप्ट) म्हणतं, साध्या मजकुरासाठी सेक_प्रिंटएफ (फॉरमॅट उलगडून छापणारं फंक्शन) नको, सेक_पुट्स (मजकूर जसाच्या तसा छापणारं) वापरा. वापरलं. मग हेडर उघडून पाहिलं, तर फंक्शन इनलाइन (त्याचा कोड कॉलच्या जागीच बसतो) आणि आत __बिल्टिन_कॉन्स्टंट_पी (किंमत कंपाइल होतानाच ठाऊक आहे का, ही तपासणी) लावून तीन फाटे केलेले. युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममध्ये) जीसीसी हा कंपायलर प्रिंटएफचं पुट्स आपणहून करतो, मग इथे हे हाताने कशाला? आणि नुसती नवी ओळ टाकायला मी सेक_पुटसी (एकच अक्षर छापणारं फंक्शन) लिहू का?

उत्तर १:
प्रिंटएफ प्रमाणित लायब्ररीतलं, म्हणून जीसीसीला त्याचा अर्थ ठाऊक असतो. सेक_प्रिंटएफ त्याच्या लेखी कुठलंही एक फंक्शन. त्यावर फॉरमॅट ॲट्रिब्यूट (हे प्रिंटएफसारखं आहे, अशी खूण) लावल्यामुळे आर्ग्युमेंटचे प्रकार तपासतं, इतकंच. त्याच्या जागी दुसरं फंक्शन घालणं त्याच्या हातात नाही. सेक_पुट्सपुरतं तसलं काम २०२४ मध्ये हेडरमध्ये आणलं.

तुमच्या नवी ओळीचंच बघा. पहिलं अक्षर स्थिर, दुसरं शून्य, म्हणजे मजकूर तिथेच संपला. दोन्ही अटी कंपाइल होतानाच निकालात निघतात आणि मशीन कोडमध्ये उरतो फक्त सेक_पुटसीचा कॉल. मजकूर मोठा असेल तर स्ट्रलेनच्या (लांबी मोजणाऱ्या फंक्शनच्या) जागी थेट आकडा बसतो आणि सेक_राइट तितके बाइट बफरमध्ये मेमकॉपी करून मोकळं होतं. पूर्वी ही लांबी दर कॉलला चालत्या वेळी मोजली जायची, तीही कधीच न बदलणाऱ्या मजकुराची! तेव्हा सेक_पुटसी हाताने लिहायची गरज नाही. वाचायला बरं वाटत असेल तर खुशाल लिहा.

फंक्शनवर __ऑल्वेज_इनलाइन आहे ते मात्र महत्त्वाचं. इनलाइन झालं नाही तर आतल्या कोडला स्ट्रिंग म्हणजे नुसता पॉइंटर दिसतो, तपासणी खोटी ठरते आणि सगळं मुसळ केरात.

प्रश्नकर्ता:
समजलं. पण माझ्याकडे बऱ्याच ठिकाणी 'फ्लॅग असेल तर "ऑन", नाहीतर "ऑफ"' असं आहे. त्याचं काय?

उत्तर १:
मला या कोडमधली सगळ्यात आवडती जागा हीच. तपासणी पॉइंटरची नाही, पहिल्या अक्षराची आहे. "येस" आणि "नो" असेल तर इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली अक्षरं वेगळी, म्हणून सहसा जुन्याच वाटेने, म्हणजे लांबी चालत्या वेळी मोजणाऱ्या __सेक_पुट्सकडे जाणार. "ऑन" आणि "ऑफ" दोन्ही 'ओ'नेच सुरू होतात. समजा कंपायलरने ते हेरलं आणि अक्षर स्थिर धरलं, तर स्ट्रलेन चालत्या वेळी मोजली जाईल. फायदा गेला, पण आउटपुट बिनचूक. ऑप्टिमायझेशन असंच असावं: चुकलं तर वेळ जावा, उत्तर बदलू नये.

उत्तर २:
वेगापेक्षा मला चेकपॅचचा सल्ला सुरक्षेसाठी मोलाचा वाटतो. डिव्हाइसचं नाव थेट सेक_प्रिंटएफला फॉरमॅट म्हणून दिलं आणि त्यात टक्क्याचं चिन्ह निघालं, तर ते फंक्शन स्टॅकवरचं भलतंच काहीतरी वाचायला जाईल. सेक_पुट्समध्ये तो प्रश्नच येत नाही.

वेगच हवा असेल तर आकड्यांकडे बघा. एसमॅप्ससारख्या (प्रोसेसच्या मेमरीचा तपशील देणाऱ्या) फाइलीत ओळीमागून ओळी आकडे छापायचे असतात आणि दरवेळी फॉरमॅट स्ट्रिंग उलगडण्यात वेळ जातो. म्हणून तिथे सेक_पुट_डेसिमल_यूएलएलच्या कुळातली, फॉरमॅट न उलगडता थेट आकडा छापणारी फंक्शनं वापरतात. आधी पर्फ (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावा, व्हीएसएनप्रिंटएफ (सेक_प्रिंटएफच्या आतलं, फॉरमॅट उलगडणारं फंक्शन) किती वर दिसतं ते पाहा, मगच कोडला हात घाला.