प्रतिसाद: थंडीत भिंतीवरची बुरशी

वर कुणीतरी म्हटलंय की इंग्लंडात हिवाळाभर बाहेर दमटच असतं, मग खिडकी उघडून उपयोग काय? उपयोग आहे. ५ अंशांची हवा पावसाळी असली तरी तिच्यात बाष्प मुळात कमीच मावतं. तीच हवा घरात २० अंशांपर्यंत तापली की सापेक्ष आर्द्रता (हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे ते) ४० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि बंद करायच्या. दिवसभर फट ठेवलीत तर भिंती गार पडतात आणि गार भिंतीवरच पाणी धरतं.

आपल्या घरांत खरी गोम स्वयंपाकात आणि कपड्यांत असते. भात उकळतोय, कुकरची वाफ सुटतेय, आणि एक्झॉस्ट बंद! का, तर आवाज करतो. वर घर तापवणाऱ्या रेडिएटरवर ओल्या जीन्स. त्यापेक्षा एका खोलीत कपड्यांचा स्टँड, दार बंद, डिह्युमिडिफायर (हवेतलं बाष्प ओढून घेणारं यंत्र) चालू.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. आलेल्या बुरशीवर नुसता रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी बुरशीनाशकाने पुसा, भिंत वाळू द्या. ब्लीच वापरलंत तर त्यात व्हिनेगर अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.