तीन वादी, एकालाच अपील करायचंय, चालतं का? (वाटपाचा दावा)

रानातली_ताई
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. वाटपाचा दावा होता, वादी आम्ही तिघं, दादा १ नंबर, मी २, धाकटी ३. प्रतिवादी काका, त्यांची दोन मुलं आणि ज्याने रस्त्याकडचा गट घेतला तो. ८ एप्रिलला निकाल लागला. तीन गटांत आम्हाला प्रत्येकी एक षष्ठांश हिस्सा दिलाय पण रस्त्याकडचा दीड एकराचा गट, ज्याच्यासाठी खरं म्हणजे दावा टाकलेला, त्यात दावा नामंजूर. काकांनी २०११ ला कर्ता (घरचा प्रमुख) म्हणून कुटुंबाच्या गरजेसाठी विकला असं कोर्टाने धरलंय. गरज कसली तर म्हणे विहीर, आता ती विहीर कुठंय ते आम्हालाच दाखवा!

दादा म्हणतो बास झालं, बारा वर्षं तारखा केल्या, मिळालं ते घ्या. अपिलाच्या वकीलपत्रावर सही करायला तयार नाही. धाकटी मला पण हो म्हणते आणि दादाला पण हो म्हणते. आमचे वकील म्हणतात दावा तिघांनी टाकला तर अपिलाला पण तिघांच्या सह्या पाहिजेत. मग मी एकटीने काहीच करू शकत नाही का? निकालाच्या नकलेला १७ तारखेला अर्ज टाकलाय.

बांधावरचा
ताई एवढ्यात अपील कशाला, हा तर प्राथमिक हुकूमनामा आहे ना, फक्त हिस्से ठरवणारा. आधी कलेक्टरकडून मोजणी वाटप होऊ द्या, फायनल झालं की एकदमच सगळ्यावर अपील टाका. आमच्या भावकीत असंच करणार आहेत, खर्च वाचतो.

काळाकोट_जुना
@बांधावरचा राव असले सल्ले नका देऊ, लोकांच्या जमिनी जातात. दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ९७ काढून वाचा, प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केलं नाही तर नंतर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात तो मुद्दा काढताच येत नाही. रस्त्याकडचा गट आत्ता बाहेर गेला तो गेलाच, मग मोजणीदार येऊन फक्त उरलेल्या तीन गटांत खुणा करणार. तुमच्या भावकीला पण आजच सांगा.

ताई, तुमच्या मूळ प्रश्नाला सरळ उत्तर, हो, एकटीने अपील करता येतं. कलम ९६ मध्ये सगळ्या वाद्यांनी मिळूनच करावं असं कुठेही नाही. हुकूमनाम्याने ज्याचं नुकसान झालं तो पक्षकार अपील करू शकतो, आणि त्या गटातला तुमचा एक षष्ठांश गेलाय, म्हणजे नुकसान तुमचं स्वतःचं आहे, त्याला दादाची परवानगी कशाला. आणि त्याच संहितेतला ऑर्डर ४१ रूल ४ तर याच्याही पुढे जातो. वादी अनेक असतील आणि निकाल सगळ्यांना सामाईक असलेल्या कारणावर लागला असेल तर एकट्याने पूर्ण हुकूमनाम्यावर अपील करता येतं आणि अपील कोर्ट तो सगळ्या वाद्यांच्या बाजूने फिरवू शकतं. म्हणजे दादा घरी बसून राहिला तरी त्याला त्याचा वाटा मिळू शकतो, फुकटात.

सह्या तिघांच्या लागत नाहीत, पण नावं मात्र सगळ्यांची लागतात. जो अपीलकर्ता नाही त्याला रिस्पॉन्डंट (अपिलात समोरचा पक्षकार) करायचं. दादा रिस्पॉन्डंट, धाकटीचं ठरलं नाही तर ती पण रिस्पॉन्डंट. भाऊ आपलाच आहे म्हणून वगळू नका.

एक विचारतो, २०११ च्या खरेदीखतावर दादाची सही आहे का?

रानातली_ताई
अहो तुम्हाला कसं कळलं 😳 आत्ता फाईल काढून बघितली, खरेदीखत निशाणी ४७ ला आहे, त्याच्या शेवटच्या पानावर खाली दादाची सही आहे. इतकी वर्षं मी ते पान नीट बघितलंच नव्हतं. साक्षीदार म्हणून आहे.

काळाकोट_जुना
एवढ्या तडकाफडकी माघार घेणारा भाऊ दिसला की खरेदीखताचं शेवटचं पान बघायचं, सवय झालीय.

पण लगेच दादावर तुटून पडू नका. नुसती साक्षीदार म्हणून सही म्हणजे व्यवहाराला संमती असं आपोआप होत नाही, साक्षीदार फक्त सही झाली एवढंच बघतो. 'संमती देणार' म्हणून सही असती तर गोष्ट वेगळी होती. तरी समोरचा वकील हे काढणारच, आणि मग दादाचं कारण आणि तुमचं कारण सामाईक नाही असं म्हणेल. म्हणून अपिलाच्या मेमोत (अपिलाच्या अर्जात) रूल ४ वर सगळा भार टाकू नका. गरज नव्हती म्हणून विक्री आमच्यावर बंधनकारक नाही हा मुद्दा घ्याच, पण माझा स्वतःचा एक षष्ठांश तरी वेगळा द्या असं पण स्पष्ट मागा. दादाचं काही होवो, तुमचं उभं राहतं.

शेवगा
आमच्या घरचा अनुभव सांगतो. आमच्या अपिलात खरेदीदार वारला, गावातलाच माणूस, तेराव्याला आम्ही जेवायला पण गेलो आणि कोर्टात कळवायचं कुणालाच सुचलं नाही!! वारसांना रेकॉर्डवर आणायला ९० दिवस असतात, ते गेले. मग अबेट झालं (अपील आपोआप संपलं) ते रद्द करा आणि उशीर माफ करा असे अर्ज, त्याच्यावर पुन्हा दीड वर्ष तारखा. कोर्टाने शेवटी घेतलं पण हुकूमनामा एकत्र असला की एका माणसामुळे सगळंच अपील जाऊ शकतं असं तेव्हा ऐकवलं होतं. तेव्हा गावात कोण गेलं याच्यावर लक्ष ठेवा, वाईट वाटतं लिहायला पण तसंच आहे.

कोकणी_बाणा
माझं थोडं उलटं आहे. दावा आमच्या बाजूने लागला पण निकालात एका परिच्छेदात १९८८ ला तोंडी वाटप झालं असावं असं लिहून ठेवलंय. दावा आम्ही जिंकलो, पण ते वाक्य खटकतंय. त्याच्यावर अपील?

काळाकोट_जुना
नाही. अपील हुकूमनाम्यावर असतं, निकालातल्या न आवडलेल्या वाक्यावर नाही. बनारसी विरुद्ध राम फल, सुप्रीम कोर्ट, २००३, त्यात हे व्यवस्थित समजावलंय. तुम्हाला सगळं मिळालंय तर तुम्ही नाराज असाल पण कायद्याच्या भाषेत बाधित नाही. समोरच्याने अपील केलं तर मात्र ऑर्डर ४१ रूल २२ खाली त्या निष्कर्षाविरुद्ध उलट हरकत घेता येते, १९७६ च्या दुरुस्तीनंतर हे स्पष्टच झालंय. मुदत नोटीस मिळाल्यापासून एक महिना. तोपर्यंत गप्प बसा.

रानातली_ताई
खूप आभार. आज ५ मे, नक्कल हातात आली. म्हणजे आजपासून माझे राहिलेले दिवस सुरू ना?

काळाकोट_जुना
इथेच लोक फसतात. नकलेच्या मागे शिक्के बघा, अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. तयार झाली ती तारीख काय आहे?

रानातली_ताई
तयार २८ एप्रिल. दिली ५ मे. कारकून फोन करतो म्हणाला होता.

काळाकोट_जुना
मग मोजणी अशी. जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, म्हणजे ८ मे. त्यात १७ ते २८ एप्रिल हे १२ दिवस वगळायचे, झाली २० मे. २८ नंतर नक्कल टेबलावर पडून राहिली ते दिवस वगळले जात नाहीत, तुमच्या मुदतीतूनच जातात. २० ला कोर्टाला सुट्टी असेल तर उघडल्या दिवशी टाकता येतं, पण त्या भरवशावर राहू नका, मी तर सुट्टी लागायच्या आधीच टाकेन. सोबत गटावर पुढे विक्री होऊ नये म्हणून मनाई अर्ज पण लावा.

आणि हो, कोर्ट फीचा हिशेब आधीच करून ठेवा. मालमत्तेच्या वादात बाईने दाखल केलं तर महाराष्ट्रात १९९४ ला कोर्ट फी माफ झाली होती, पण २००० पासून ती माफी फक्त लग्नसंबंधातून आलेल्या मालमत्तेच्या वादांपुरती आहे, वाटपाच्या अपिलाला ती धरून चालू नका. 

रानातली_ताई
दाव्याच्या वेळची फी माझ्याच पाटल्यांची होती, आता पण बघते काहीतरी. धाकटीला आत्ता फोन केला, ती सही करतेय.