गॅस ग्रिलवर मांसाला धूर द्यायचाय, सगळं कडू होतंय. मदत हवी आहे

मंडळी, मी न्यू जर्सीत राहतो. अंगणात तीन बर्नरचा प्रोपेन ग्रिल आहे. कणसं, पनीर आणि तंगड्या यापलीकडे आजवर मजल गेली नव्हती. गेल्या रविवारी धुरासाठी हिकरीच्या झाडाच्या लाकडाच्या चिप्स (ढलप्या) आणल्या, अर्धा तास भिजवल्या, फॉइलच्या पुडीत बांधून जाळीवर मधोमध ठेवल्या. तिन्ही बर्नर मंद. वीस मिनिटं काहीच नाही, मग पांढऱ्या धुराचे लोट, शेजारी कुंपणावरून डोकावून गेले, आणि नंतर शुकशुकाट. कोंबडीची कातडी रबर, चव कडवट. बायको म्हणाली, डाळीला कोळशाचा धुंगार देतोस तेवढंच पुरे.

आता ४ जुलैला पाहुणे आहेत आणि मी चार पौंडांचा पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचा तुकडा) कबूल करून बसलोय. चिप्स भिजवायच्या का? किती वेळा भरायच्या? झाकणावरचा तापमानाचा काटा खरा मानायचा का? की धूर द्यायची वेगळी भट्टी, स्मोकरच घेऊ? (घरून मंजुरी अवघड आहे.)

प्रतिसाद :
स्मोकर नको. आणि भिजवूही नका, पाणी उडेपर्यंत चिप्स पेट घेत नाहीत, तोवर निघते ती नुसती वाफ. कोरड्या दोन मुठी फॉइलमध्ये, वर चार-पाच भोकं, पुडी जाळीखाली थेट बर्नरवर. बर्नर कडेचा एकच लावा, मांस दुसऱ्या टोकाला. ग्रिलच्या मागच्या फटीतून धूर पळतो, म्हणून दर अर्ध्या तासाला नवी पुडी. पहिले दोन-तीन तास पुरे. दाट पांढरा धूर कडू करतो, पातळ निळसर हवा.

काटा वर झाकणात, मांस खाली. जाळीपाशी वेगळा थर्मामीटर ठेवा, २२५ ते २५० फॅरनहाइट. मांसाच्या आत १६०च्या आसपास आकडा तासन्‌तास अडतो. मांसाला घाम फुटतो आणि त्यानेच ते गार होत राहतं. आच वाढवू नका, फॉइलमध्ये गुंडाळा. २००ला पोचलं की हाताने सुटतं. सात-आठ तास धरा, सिलिंडर भरलेला आहे ना बघा. कोंबडी मात्र ३२५ला करा, नाहीतर परत रबर.

धागाकर्ता :
आभारी आहे! पाहुणे सहाला येणार. आठला पेटवू?

प्रतिसाद :
सातला. लवकर झालं तर फॉइलसकट टॉवेलात गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये (बर्फाच्या पेटीत) ठेवा, दोन तास गरम राहतं. उशीर झाला तर कणसं आहेतच.