शब्द हवा: ‘रेसोल्व्हेर’ला मराठीत काय म्हणावं?

स्पॅनिश शिकतेय. सरावासाठी योआनी सांचेसच्या ‘हेनेरासिओन वाय’ या ब्लॉगवरची टिपणं मराठीत करून बघतेय. क्युबाची राजधानी हवाना, तिथे राहणाऱ्या या बाईने 2007 साली हा ब्लॉग लिहायला घेतला. घोषणा वगैरे कमी. पाव, रांगा, बस, मुलाची शाळा असंच जास्त. वाचायला सोपं म्हणून हात घातला आणि पहिल्याच आठवड्यात ‘रेसोल्व्हेर’ या क्रियापदापाशी अडकले. कोशात ‘सोडवणे’ आणि ‘निश्चय करणे’. क्युबात मात्र लोक तेल, साबण, दूध, कोंबडी, सगळंच ‘रेसोल्व्हेर’ करतात. मी लिहिलं, ‘शेजारणीने कोंबडी सोडवली.’ आई म्हणाली, कुठे अडकली होती?

प्रतिसाद १
जुगाड. संपला विषय.

प्रतिसाद २
नाही संपला. जुगाडात डोकं चालवणं येतं: तुटक्या पंख्याला सायकलची तार लावली, तो जुगाड. क्युबात त्याला वेगळा शब्द आहे, ‘इन्व्हेन्तार’. रेसोल्व्हेरमध्ये वस्तू मुळात दुकानात नसते, किंवा असते ती पगाराला न परवडणारी. 1962 पासून रेशनची वही आहे, पण वहीवरचं महिनाभर पुरत नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्वदच्या दशकात तर फारच हाल झाले. मग बेकरीत कामाला असणारा पीठ आणतो, सिगार कारखान्यातला सिगार आणतो, आणि दोघं आपसात बदलतात. कारखाना सरकारचा, म्हणून त्याला कुणी चोरी म्हणत नाही. हा अर्थ जुगाडात कुठे आहे?

विचारणारी
हेच! ‘ढापणे’ केलं तर शेजारीण चोर ठरते. ‘मिळवणे’ केलं तर बक्षीस मिळवल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद ३
वय 71, सोलापूर. बहात्तरच्या दुष्काळात रेशनला मिलो मिळायची, लाल ज्वारी. भाकरी धड थापता येत नसे. तेव्हा कुणाच्या घरी अचानक साखर दिसली की आजी विचारायची, ‘कुठून पैदा केलीस गं?’ उत्तर मिळत नसे आणि आजीला ते हवंही नसे. बाई, तुमचा शब्द हा. ‘पैदा करणे’ म्हटलं की वस्तू आली एवढं कळतं, वाट झाकलेली राहते.

प्रतिसाद २
काका, सुरेख. मी ‘जमवणे’ सुचवणार होतो, मागे घेतो. त्यात पैसे साठवल्याचा वास येतो.

विचारणारी
काका, पैदा घेतला! फक्त एका टिपणात अंडी आहेत. ‘शेजारणीने अंडी पैदा केली’ लिहिलं तर आई पुन्हा हसेल.

प्रतिसाद ३
तिथे ‘अंड्यांची सोय केली’ लिहा. एकच शब्द सगळीकडे चिकटवायचा हट्ट कशाला?

विचारणारी
आता दुसरा अडथळा. सांचेस तेव्हा स्वतःला ‘आ सिएगास’ ब्लॉगर म्हणवायची. शब्दशः ‘आंधळेपणाने’. पण आपल्याकडे आंधळेपणाने म्हणजे विचार न करता.

प्रतिसाद ४
संदर्भ बघा. तेव्हा घरी इंटरनेट नव्हतं. पर्यटकांच्या हॉटेलात क्युबाच्या माणसाला सहजी आत घेत नसत, म्हणून ही परदेशी असल्याच्या थाटात शिरायची. तिथल्या एका तासालाही महिन्याच्या पगाराचा मोठा लचका. 2008 च्या मार्चमध्ये देशात ब्लॉगच अडवला. मग ती मजकूर ईमेलने परदेशातल्या मित्रांना धाडू लागली आणि ते चढवू लागले. स्वतःचंच पान तिला दिसत नव्हतं. म्हणून ‘न बघता लिहिणारी’. साधं ठेवा. ‘डोळ्यांवर पट्टी’ नको, ती गांधारीने आपण होऊन बांधली होती.

प्रतिसाद १
गांधारीचा मुद्दा मान्य. जुगाड मागे.

प्रतिसाद २
जाता जाता: रांगेत शिरताना तिथे विचारतात, ‘एल उल्तिमो?’ म्हणजे शेवटचा कोण? तो हात वर करतो, तुम्ही त्याच्या मागचे, मग भिंतीच्या सावलीत खुशाल बसा. आपण टँकरच्या रांगेत हंडा ठेवतो, ते माणूस ठेवतात. याला ‘नंबर लावणे’ चालेल.

प्रतिसाद ४
आणि कायद्याची भाषाही मराठीत आणाच कधीतरी. 2019 मध्ये लागू झालेल्या तिथल्या 370 क्रमांकाच्या हुकुमात समाजहित, नीतिमत्ता आणि ‘बुएनास कोस्तुम्ब्रेस’ यांच्या विरोधात ऑनलाइन काही पसरवलं तर दंड ठेवला होता, माणसामागे 3000 पेसो. शब्दशः ‘चांगल्या चालीरीती’. ऐकायला हळदीकुंकवाचं आमंत्रण वाटतं. ‘सभ्यता’ केलंत तर आपल्या सरकारी मराठीत बसेल, आणि तितकंच मोघमही राहील. मोघमपणा मुळातच आहे, तो घालवू नका.

विचारणारी
घालवत नाही. शेवटचं: ‘नो एस फासिल’. प्रत्येक गप्पेच्या शेवटी येतं. बस आली नाही, नो एस फासिल. वीज गेली, नो एस फासिल. ‘सोपं नाही’ फारच कोरडं लागतं. ‘चालायचंच’ करू?

प्रतिसाद २
चालायचंच मध्ये मान्य केल्याचा सूर आहे. यात तक्रार आहे, फक्त कुणाविरुद्ध ते सांगितलेलं नाही.

प्रतिसाद ३
‘कठीण आहे.’ आमच्याकडे पेपर मिटताना सगळे हेच म्हणतात.